रात्रीची गोळी माझी, दुपारची दादाची

माझ्या थोरल्या भावाविषयी मी चार शब्द बरे बोलेन अशी आशा कुणी ठेवू नये. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला मोकळं बोलता येईल. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उगारत नाही, आईला रोज फोन करतो. माझी अडचण नेमकी तीच आहे. वाईट भावाचा राग राग करता येतो, चार लोकांत त्याला नावं ठेवता येतात. चांगल्या भावाचा फक्त हेवा करता येतो, आणि तो मी समज आल्यापासून मनापासून करत आलोय.

आमचं गाव विट्याच्या जवळ. आमच्याकडं घरटी एखादा तरी माणूस गलाईला गेलेला असतो. गलाई म्हणजे भट्टीवर सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ गल्लीत जा, भट्टीपाशी घामाघूम झालेला आमच्याकडचा एक माणूस सापडणारच. दादा दहावीला गणितात आपटला आणि मामाचं बोट धरून दक्षिणेकडं गेला. मी पास होत राहिलो, म्हणून घरी राहिलो. "ह्यो हुशार हाय, ह्येला हितं ठिवू," असं वडील म्हणाले होते. आता दादाची तिकडं स्वतःची भट्टी आहे, दुमजली घर आहे. माझ्याकडं बी.ए.ची पदवी, थोडा ऊस, थोडी डाळिंबं आणि आई आहे.

आईला मागं हृदयाचा त्रास झाला. सांगलीला नेलं, तिथं अँजिओप्लास्टी झाली. मळ्यातून उचलून गाडीत घातली मी, सही केली मी, बाहेर बाकड्यावर बसलो मी. दादा दुसऱ्या दिवशी आला आणि तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसला. भेटायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं बघितला तो दादाच. "एवढ्या लांबनं पळत आला बिचारा!" असं जो तो म्हणायचा. मी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत असायचो. आठवड्यानं दादा गेला आणि वाटणी आपोआप झाली. पथ्य माझ्याकडं, कौतुक त्याच्याकडं.

गोळ्याही माझ्याकडं आल्या. सकाळी रक्त पातळ ठेवायची आणि बीपीची, रात्री जेवण झाल्यावर कोलेस्टेरॉलची. डॉक्टरांनी बजावलं होतं की ही रात्रीची गोळी जन्मभर चालू ठेवायची, आपल्या मनानं बंद करायची नाही, आणि दुसरं कुठलंही औषध सुरू करायचं तर आधी फोन करायचा. कारण ही गोळी काही औषधांबरोबर नांदत नाही. मी ते डोक्यात पक्कं बसवलं. एकदा आईला खोकला झाला तेव्हा विट्याचे डॉक्टर अँटिबायोटिक लिहायला लागले. मी म्हणालो, "साहेब, ती कोलेस्टेरॉलच्या गोळीवर आहे." त्यांनी पेन थांबवलं, नाव विचारलं, आणि लिहिलेलं खोडून दुसरं औषध दिलं. "बरं झालं सांगितलंत," असंही म्हणाले. घरी आल्यावर जेवताना मी हे जरा फुगवूनच सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, ताटातला घास गिळला आणि म्हणाली, "थोरल्याला फोन करून सांग खोकला कमी हाय म्हणून. काळजीत आसंल त्यो."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी आईच्या अंगणात बारमाही पिकत होतो.

रोज दिवेलागणीला दादाचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्या आधी आई तोंड धुवायची, केस विंचरून अंबाडा घालायची, पदर नीट करून भिंतीला टेकून बसायची. मोबाईल मी धरायचा, कारण तिच्या हातात तो हलायचा. म्हणजे दादाला आई दिसायची, आईला दादा, आणि मी मोबाईलच्या मागं. "जेवलास का रं? लय वाळलायस," असं ती रोज म्हणायची. दादाचं वजन माझ्या दीडपट आहे. उन्हातानात करपलेला मी तिच्या हातभर अंतरावर उभा असायचो, पण मी वाळलोय की ओला आहे हे तिनं कधी विचारलं नाही. माझी बायको चुलीपुढनं बघायची आणि हसायची. "आवं, तुमी बी जावा की परगावी म्हैनाभर. मग तुमाला बी फोन करत्याल," म्हणायची. मला हसू यायचं नाही.

आमच्या गलाईवाल्यांची एक रीत आहे. गावाकडं काही धाडायचं तर पोस्ट नाही, कुरिअर नाही. जो कोणी गावाकडं निघाला असेल त्याच्या हाती पिशवी द्यायची. जत्रेला, लग्नाला, अगदी मयतीला येणारा माणूसही दोन-चार घरच्या पिशव्या घेऊन ट्रॅव्हल्समधनं उतरतो. आणि पिशवी नुसती येत नाही, तिच्याबरोबर निरोप येतो, आणि निरोपाबरोबर धाडणाऱ्याची तारीफ. दादाच्या पिशवीत कॉफीपूड, केळ्याचे वेफर्स, आईला पातळ असं काहीबाही असायचं. आणणारा ओसरीवर बसून पोहे खायचा आणि आईला सांगायचा, "मावशे, तुजा थोरला म्हंजे देवमाणूस हाय बघ. सारका आईचाच घोर." आई पिशवी आधी कपाळाला लावायची, मग उघडायची. वेफर्स गल्लीत वाटले जायचे, आणि प्रत्येक मुठीबरोबर "थोरल्यानं धाडल्यात" हे वाक्य जायचं. माझ्या डाळिंबाची पाटी त्याच ओसरीवर असायची. ती कुणी कपाळाला लावली नाही.

त्या वर्षी जत्रेला आमच्या गल्लीतलाच एक गलाईवाला आला, दादाच्या शेजारच्या भट्टीवरचा. त्यानं आणलेला कॉफीचा डबा नेहमीपेक्षा आईनं जास्तच जपून आत नेला. मला वाटलं, आत काही सोन्याचं असेल. माझ्या पोटात दुखलं, आणि मी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं की त्याला महत्त्व दिल्यासारखं होतं.

डब्यात कॅप्सूल होत्या. ते मला फार उशिरा कळलं.

झालं होतं ते असं. आईच्या कमरेला, परकराची नाडी आवळते तिथं, गजकर्ण झालं होतं. घामानं, ओल्या कपड्यानं आमच्याकडं ते घरोघरी होतं. लेकाला कसं दाखवायचं म्हणून ती मला बोलली नाही. सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, तेवढं सांगितलं; तिनं विट्याहून मलम आणून दिलं, त्यानं गुण आला नाही. एके दिवशी फोनवर दादाच सांगत होता की भट्टीच्या घामानं त्याच्या जांघेत गजकर्ण उठलंय आणि डॉक्टरनं कॅप्सूल दिल्यात, एकदम नामी. मी तेव्हा मोबाईल आईच्या हातात देऊन मोटर बंद करायला गेलो होतो. तेवढ्यात तिनं त्याला सांगितलं. जे मला सांगायला तिला लाज वाटली, ते त्याला सांगताना वाटली नाही. पुढचं सगळं मी पचवलं, पण एवढंच अजून घशाखाली उतरत नाही.

दादानं आपल्याच चिठ्ठीवर जास्तीच्या कॅप्सूल घेतल्या आणि जत्रेच्या माणसाबरोबर धाडल्या. निरोप होता, दुपारी जेवल्यावर एक. आई ती दुपारी घ्यायची, मी मळ्यात असताना. रात्री माझ्या हातची कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची, तोंड वाकडं करून, "दे एकदाची" म्हणत.

गजकर्ण बरं होत आलं आणि आईचे पाय दुखायला लागले. आधी मांड्या, मग खांदे. "वय झालं," ती म्हणाली. आम्हीही तेच धरलं. मग तिला खाली बसलेलं उठता येईना. मग एका दिवेलागणीला तिचा हात डोक्यापर्यंत पोचेना, आणि केस माझ्या बायकोनं विंचरून दिले, कारण फोन यायची वेळ झाली होती. फोनवर आई हसून बोलली. दादानं विचारलं, "पाय कसं हायत?" म्हणजे पायांचंही तिनं त्याला कधीतरी सांगितलं होतं. "बरं हायत की," ती म्हणाली. मला त्या प्रश्नाचाच इतका राग आला की उत्तराकडं माझं लक्ष गेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी बायको धावत गोठ्यात आली. "आवं, आईंच्या लघवीचा रंग बघा. काळ्या चहावानी हाय."

सांगलीला जाईपर्यंत आई मागच्या सीटवर कण्हत होती. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासायला धाडली आणि रिपोर्ट बघून त्यांचा चेहरा बदलला. "स्नायू वितळायला लागलेत," ते म्हणाले. "त्याचा गाळ रक्तातनं मूत्रपिंडात उतरतोय. मूत्रपिंडं सांभाळली नाहीत तर आईंना गमावून बसू." त्यांनी रात्रीची गोळी तिथल्या तिथं बंद केली, दोन्ही हातांना सलाईन लावलं आणि मला विचारलं, "या गोळीबरोबर आणखी काय चालू होतं?"

"काहीच नाही," मी छाती काढून सांगितलं. "मी स्वतः देतो गोळ्या."

"आठवून बघा. अँटिबायोटिक? बुरशीचं औषध? कुणाचा काढा? पपनस रोज खाता का?"

मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो. ते म्हणाले, "काहीतरी असणारच. घरातलं सगळं शोधा." मी बायकोला फोन केला. तिनं आईची ट्रंक, देव्हाऱ्याचं कपाट, सगळं उचकलं, आणि कॉफीच्या डब्याचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडला. आत निम्म्या रिकाम्या झालेल्या पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी माझ्या मोबाईलवर नाव मोठं करून वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"हे गजकर्णाचं औषध आहे. एकटं घेतलं तर ठीक. पण बघा, तुम्ही ऊसवाले आहात, तुम्हाला पटकन कळेल. यकृत म्हणजे कारखान्याची गव्हाण समजा, गाळपाला ऊस टाकतात ती. रात्रीची गोळी रोज येते, गव्हाणीत पडते, तिचा निकाल लागतो. या कॅप्सूलनं गव्हाणच बंद पाडली. गोळ्या रोज येतायत आणि आत जागा नाही. सगळ्या ट्रॉल्या रक्तात उभ्या राहिल्या, आणि साठलेल्या गोळीचं विष स्नायूंना चढलं. कुणी दिल्या या कॅप्सूल?"

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी आनंद झाला. आई पलंगावर कण्हत होती, तिच्या जिवाला धोका होता, मी घाबरलेला होतो, आणि तरी आत कुठंतरी एक जण उठून उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा दादाची पिशवी चुकीची निघाली होती आणि माझी गोळी बरोबर. मी तोंड उघडलं.

"ह्येनंच आणून दिल्या," आई पलंगावरनं म्हणाली. आवाज क्षीण होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. सलाईन लावलेल्या हाताचं बोट तिनं माझ्याकडं केलं होतं. "धाकट्यानं. इट्यातनं."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "अहो, मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना? शिकलेले दिसता तुम्ही."

"मी नाही आणल्या," मी म्हणालो. "आई, काय बोलतीयस तू?"

आईनं डोळे मिटून घेतले. कुंडलची आमची आत्या, वडिलांची बहीण, भेटायला आली होती. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. "मरायला टेकलेली बाई खोटं बोलंल व्हय रं? आणि चूक झाली तर झाली म्हनावं. वर आईलाच खोटं पाडतूस?"

आत्याला एखादी गोष्ट कळली की माईकची गरज नसते. संध्याकाळपर्यंत कुंडल, विटा आणि आमची अख्खी भावकी यांना कळलं होतं की धाकट्यानं आईला भलत्याच गोळ्या चारल्या. मामाचा फोन आला, "तुला आमी हुशार समजत हुतो." आमच्या गल्लीतल्या एकीनं माझ्या बायकोला तोंडावर विचारलं, "घाई झाली हुती का गं तुमास्नी?" बायको ते सांगताना रडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाला निदान घरदार नसतं.

दादा विमानानं पुण्यात उतरला आणि गाडी करून आला. आईची लघवी तोवर थोडी निवळली होती. डायलिसिसची वेळ येईल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. त्याला बघून आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कितीही वेळ उशाशी बसलो असतो तरी आलं नसतं. आत्यानं दारातच त्याला सगळं सांगितलं, माझ्यादेखत, हातवारे करून. मी वाट बघत होतो. आता हा बोलेल, असं मला वाटलं, कारण दादा वाईट माणूस नाही.

बायकोनं आणलेला कॉफीचा डबा पलंगाशेजारच्या टेबलावर होता. दादानं तो उघडला, पट्ट्या बघितल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला. आईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला, सुई लावलेला हात, आणि मान अगदी जराशी हलवली. दादानं पट्ट्या खिशात घातल्या.

बाहेरच्या जिन्यात मी त्याला गाठलं. "तू सांगणार नाहीस?"

त्यानं पट्ट्यांच्या खिशावर हात ठेवला. "मला काय म्हाईत रं असलं काय हुतंय? मला गुण आला म्हून धाडल्या."

"ते मला ठाऊक आहे. सांगणार का नाही?"

"आई नको म्हनती," तो म्हणाला. "आणि तिकडं सगळी आपलीच मानसं हायत, रोज तोंड बघायचं असतंय. तू हितं घरात हायस. चार दिवसात लोक इसरत्यात." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. मला तेही सहन झालं नाही. पश्चात्तापसुद्धा त्याला शोभून दिसत होता.

सलाईननं काम केलं. डायलिसिस टळलं. आईची मूत्रपिंडं वाचली आणि पायांत हळूहळू बळ यायला लागलं. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी काही महिन्यांनी बदलून, वेगळ्या जातीची आणि कमी मात्रेची सुरू केली. या जातीचं गजकर्णाच्या औषधाशी तेवढं वाकडं नाही, पण विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं त्यांनी परत बजावलं. बजावताना ते माझ्याकडं बघत होते. मी हो म्हणालो. दादा तोवर कधीच परत गेला होता. दिवेलागणीचे फोन पुन्हा सुरू झाले होते, आणि मोबाईल मीच धरत होतो.

मी आईशी गरजेपुरतं बोलायचो. गोळी दिली, पाणी दिलं, काठी दिली. तिला ते कळत होतं. एका संध्याकाळी फोन झाल्यावर मी तिच्या तळपायांना तेल लावत बसलो होतो. तसं लावलं की तिला बरं वाटायचं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी मान वर न करता विचारलं, "माझंच नाव का घेतलंस?"

तिनं दुसरा पाय माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "त्येचं घेतलं असतं तर सगळ्यांनी त्येला फाडून खाल्ला असता. बायकू तिकडची, पोरं तिकडची. एकदा का मन खट्टू झालं, तर गावाकडं यायचा बंद हुईल. पुन्यांदा त्येचं तोंड मला दिसंल का न्हाई, कुनास ठावं."

"आणि माझं मन?"

"तू हायस की हितं," आई म्हणाली. सहज म्हणाली, घराला भिंती आहेत असं सांगावं तसं. "तू रुसलास तरी जाशील कुटं, बाळा?"

बाळा ती मला लहानपणानंतर कधी म्हणाली नव्हती. मला खूप बोलायचं होतं. जातो की, म्हणायचं होतं. ट्रॅव्हल्स रोज सुटते, मलाही कुणी भट्टीवर ठेवून घेईल, मग मलाही फोन करताना अंबाडा घाल, असं सगळं तोंडाशी आलं होतं. दादाच्या घराचा, त्याच्या पिशवीचा, त्याच्या कौतुकाचा मी जन्मभर हेवा केला, पण त्या ओसरीवर मला ज्या गोष्टीचा हेवा वाटला ती या सगळ्यांहून मोठी होती. दादा रुसू शकत होता. तो रुसेल अशी भीती कुणाला तरी वाटत होती.

ती हे बोलत असताना मी तिच्या पायाला तेल चोळत होतो. तिचं बोलणं संपलं. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं, की एवढं ऐकूनही माझा हात एकदासुद्धा थांबला नव्हता.